परवलीचा शब्द

वसंतातल्या व्याख्यानांना येणाऱ्या मंडळींची इतिहासाच्या विषयाकडून अपेक्षा असते ती एखाद्या लढाईची, एखाद्या राजपुरुषाची किंवा एखाद्या राज्याच्या उदयास्ताची. आणि ती रास्तच आहे. आज आम्ही ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहोत तिला मात्र रूप नाही, वजन नाही आणि ती कोणाला दाखवताही येत नाही. कारण दाखवली की ती संपली. ती वस्तू म्हणजे परवलीचा शब्द. पूर्वी तो पहारेकऱ्याच्या कानात सांगावा लागे. आज तो संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर टंकावा लागतो, आणि आपण त्याला पासवर्ड म्हणतो. निवृत्तिवेतन, गिरणीत राबून शिल्लक टाकलेली पुंजी, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली ठेव, घरातल्या माणसांची पत्रे आणि छायाचित्रे, हे सारे आज या एका शब्दाच्या आड असते. तेव्हा हा शब्द बळकट कशाने होतो आणि दुबळा कशाने, हे इतिहासाला विचारणे हा काही रिकामटेकडा उद्योग नव्हे.

सिद्धेश्वराच्या तळ्याकाठचा आपला भुईकोट सर्वांच्या परिचयाचा आहे. बहामनी काळात त्याची उभारणी झाली असे सामान्यतः मानतात. डोंगराचा आधार नाही म्हणून बांधणाऱ्यांनी तीन बाजूंना खंदक खणला, चौथ्या बाजूला तळ्याचे पाणी घेतले आणि एका तटाच्या आत दुसरा तट उभा केला. १८१८ च्या मे महिन्यात जनरल मन्रोच्या तोफांनी मारा केला तेव्हा हा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. परंतु किल्ले पडण्याची हीच एक रीत नव्हती. तोफ लागली ती तटाला; दरवाजाला पुष्कळदा माणूसच पुरे पडला. पहारेकऱ्याची ओळख पटली की अडसर निघतो, मग तट दोन असोत की चार. म्हणूनच तटाइतकाच विचार जुन्या लोकांनी ओळख पटवण्याच्या रीतीचा केला.

याचे एक जुने आणि नीट लिहून ठेवलेले उदाहरण रोमन छावणीचे आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पॉलिबियस नावाच्या ग्रीक इतिहासकाराने ते नोंदवले आहे. दररोज सूर्यास्ताच्या सुमारास छावणीचा अधिकारी त्या रात्रीची परवल एका लाकडी पाटीवर लिहून देई. ती पाटी छावणीच्या टोकाच्या तुकडीपासून हातोहात एकेका नायकाकडे फिरे आणि अंधार पडण्यापूर्वी परत अधिकाऱ्याकडे येई. एखादी पाटी परत आली नाही तर ती कोठे अडकली हे तत्काळ शोधले जाई. यात तीन गोष्टी आहेत. शब्द रोजचा वेगळा. तो ज्याला हवा त्यालाच. आणि तो कोणाकोणाच्या हातून गेला याचा हिशेब. दोन हजार वर्षांनंतरही या विषयातले पुष्कळसे शहाणपण या तीन गोष्टींतच आहे.

आता आपल्या घरचे पाहू. १६९७ साली जिंजी येथे लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या किल्ल्यांची व्यवस्था सांगितली आहे. किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी सारख्या दर्जाचे ठेवीत, आणि कारभार तिघांनी मिळून करावा असा नियम होता. हेतू उघड आहे. एक माणूस फितुरीने, भयाने किंवा भाबडेपणाने वश झाला, तरी किल्ला जाऊ नये. एका माणसाच्या विश्वासावर एक दरवाजा टांगू नये, हे तत्त्व आज बँका ‘दोन टप्प्यांची ओळख’ म्हणून नव्याने सांगतात.

याच व्यवस्थेची एक कथा मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरीत आहे. बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची, म्हणजे पुष्कळ उशिराची असल्यामुळे तिला पुराव्यापेक्षा परंपरा म्हणणे बरे. महाराज एकदा रात्रीच्या वेळी थोड्या माणसांनिशी पन्हाळ्याच्या दरवाजाशी आले आणि शत्रू पाठीवर आहे, दरवाजा उघडा, असा निरोप त्यांनी दिला. हवालदार इतर अधिकाऱ्यांसह दरवाजावर आला. प्रत्यक्ष धनी उभा असलेला पाहूनही त्याने रात्री दरवाजा उघडण्यास नम्रपणे नकार दिला. नियम महाराजांचाच आहे, तो मोडता येत नाही. शत्रू आलाच तर त्याला आम्ही वरून थोपवू, असे त्याचे म्हणणे पडले. दिवस उजाडल्यावर दरवाजा उघडला. महाराज रागावले तर नाहीतच, उलट त्यांनी हवालदाराची वाखाणणी केली. या हवालदाराला श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. शेवटी आम्हांस त्याची पुन्हा गरज पडणार आहे.

नियम न पाळणारा पहारा कसा फसतो, याचीही उदाहरणे याच चरित्रात आहेत. मात्र तेथे फसलेला पहारा मोगलांचा होता. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री महाराज पुण्यात लाल महालावर चालून गेले, तेव्हा छावणीच्या पहाऱ्यावर हटकल्यावर, आम्ही बादशाही फौजेतलेच दक्षिणी शिपाई आहोत आणि नेमल्या जागी चाललो आहोत, असे उत्तर त्यांच्या लोकांनी दिले अशी हकीकत सांगतात. मोगलांच्या चाकरीत दक्षिणी शिपाई पुष्कळ असल्यामुळे हे उत्तर सहज पटण्याजोगे होते. पटण्याजोगे उत्तर आणि खरे उत्तर यांत पहारेकऱ्याने भेद केला नाही. १६६६ च्या ऑगस्टात आग्र्याहून झालेल्या सुटकेतही हेच दिसते. मिठाईचे पेटारे रोज बाहेर जाऊ लागले. आरंभी पहारेकरी ते उघडून पाहत. पुढे रोजचीच गोष्ट म्हणून पाहणे सैल झाले. पहाऱ्याचा खरा शत्रू सवय होय. जे सहज पटते आणि जे रोजचे असते, तेथेच डोळा लागतो.

येथवर पहाऱ्याचे झाले. आता गुपित कशात ठेवावे, याचा एक धडा मराठी वाङ्मयाच्या इतिहासातून घेऊ. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळा, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले, हे सर्वश्रुत आहे. एका अक्षराऐवजी दुसरे अक्षर किंवा चिन्ह घालावयाचे, असा साधारणपणे त्यांचा घाट. कित्येक शतके हे ग्रंथ बाहेरच्यांना वाचता आले नाहीत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत या लिप्यांची उकल राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या हाती आली, आणि मग एकेक पोथी वेगळी उलगडण्याची गरजच राहिली नाही. लिपीचा तक्ता समजला की त्या लिपीतली प्रत्येक पोथी बोलू लागली. मराठी वाङ्मयाचे त्यात अपरिमित कल्याण झाले. पण गुपित राखण्याच्या दृष्टीने पाहिले तर दोष स्पष्ट आहे. गुपित रीतीत होते, आणि रीत सर्व पोथ्यांना एकच होती. १८८३ साली केर्कहॉफ्स नावाच्या डच पंडिताने लष्करी गुप्तलेखनावर लिहिताना हाच नियम सांगितला: तुमची सारी रीत शत्रूच्या हाती पडली तरी चालावे; गुपित असावे ते केवळ किल्लीत. पासवर्ड तयार करताना आपण हमखास या नियमाविरुद्ध जातो. एखादी युक्ती शोधून काढतो, मुलाचे नाव उलटे लिहितो किंवा ‘ओ’ च्या जागी शून्य घालतो, आणि ती युक्ती आपल्यालाच सुचली असे मानतो. ती दुसऱ्या लाखो माणसांनाही सुचलेली असते, आणि चोराला तर ती पाठ असते.

आता संगणकाकडे वळू. आणि त्यासाठी सोलापूरकरांना फार दूर जावे लागणार नाही. आपल्या चादरीवर जी नक्षी उठते ती जॅकार्डच्या मागावर. त्या मागाला पुठ्ठ्याच्या छिद्रे पाडलेल्या पट्ट्यांची माळ लावलेली असते. छिद्र असेल तेथे धागा उचलला जातो, नसेल तेथे खाली राहतो. फ्रान्समधील लियों शहरी जॅकार्डने हा माग १८०४ च्या सुमारास सिद्ध केला. पुढे हीच छिद्रांची कल्पना घेऊन हॉलरिथने अमेरिकेच्या १८९० च्या शिरगणतीची आकडेमोड यंत्राने केली, आणि संगणकांनी आरंभीची कित्येक दशके आपली कामे अशाच छिद्रांकित पत्त्यांवरून घेतली. म्हणजे संगणक हा एका अर्थाने मागाचा वंशज आहे. विणकराला ठाऊक असलेली एक गोष्ट पासवर्डाचे सारे गणित सांगते. छिद्राची एक जागा असेल तर शक्यता दोनच: छिद्र आहे किंवा नाही. दोन जागांना चार, तीन जागांना आठ. दहा जागांना १,०२४ आणि वीस जागांना १०,४८,५७६. जागा दुप्पट झाल्या, पण शक्यता हजारपटीने वाढल्या. गुपिताचे बळ असे लांबीने वाढते. बेरजेने नव्हे, गुणाकाराने.

संगणकावर परवलीचा शब्द प्रथम रुजला तो अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत. फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली एकच मोठा संगणक पुष्कळांना एकाच काळी वापरता येईल अशी व्यवस्था दाखवली. प्रत्येकाचे कागद वेगळे राहावेत म्हणून प्रत्येकास एक शब्द देण्यात आला. हे कुलूप फार दिवस टिकले नाही. संगणकाचा वेळ मोजून मिळे, आणि ॲलन शेर या विद्यार्थ्याला तो अपुरा पडे. १९६२ साली त्याने एका छिद्रांकित पत्त्यावरून यंत्रास अशी आज्ञा दिली की सर्वांचे शब्द ज्या फाइलीत होते तीच छापून यावी, आणि ती छापून आली! पुष्कळ वर्षांनी त्याने स्वतःच ही कबुली दिली. १९६६ साली तर चुकून तीच यादी संगणकावर येणाऱ्या प्रत्येकास आरंभीची सूचना म्हणून दिसू लागली. शब्द चोरट्याने ओळखला नाही. शब्दांची वहीच उघडी पडली.

यावर उपाय निघाला तो असा, की वहीत शब्द लिहूनच ठेवू नये. पिठाच्या चक्कीचा दृष्टांत येथे उपयोगी पडतो. गव्हाचे पीठ होते, पण पिठाचा गहू होत नाही. संगणकाने आपला शब्द गणिताच्या चक्कीतून दळावा आणि केवळ पीठ जपावे. पुन्हा आपण शब्द दिला की तो दळून पाहावा. पीठ जुळले म्हणजे माणूस खरा. चोराने वही पळवली तरी हाती पीठच लागेल. परंतु चोरापाशीही तशीच चक्की असते. तो घरी बसून शब्दामागून शब्द दळत राहतो आणि कोणते पीठ जुळते ते पाहतो. त्याला अडवणारा पहारेकरी तेथे नसतो. एटीएमचा चार अंकी पिन म्हणजे केवळ १०,००० शक्यता. तो चालतो याचे कारण थोडे प्रयत्न चुकले की यंत्र कार्ड बंद करते. चोरलेल्या पिठाला असा अडसर नाही.

रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्पसन या दोन संशोधकांनी १९७९ साली याचाच हिशेब प्रसिद्ध केला. लोकांनी आपखुशीने निवडलेले ३,२८९ शब्द त्यांनी तपासले. त्यांपैकी २,८३१, म्हणजे शेकडा ८६, सहज ओळखण्याजोगे निघाले. पंधरा जणांनी तर एकच अक्षर ठेवले होते! पुष्कळांनी तीन-चार अक्षरांवर भागवले, आणि सुमारे पाचशे शब्द कोशांत किंवा नावांच्या याद्यांत सापडले. पुढे याच मॉरिसच्या मुलाने १९८८ च्या नोव्हेंबरात एक प्रोग्रॅम सोडला. तो एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरत गेला आणि हजारो संगणक त्याने ठप्प केले. त्याच्या हत्यारांपैकी एक होते चारशे बत्तीस नेहमीच्या शब्दांची यादी. २००९ साली रॉकयू नावाच्या कंपनीचे तीन कोटींहून अधिक पासवर्ड उघडे पडले, तेव्हा त्यांत सर्वाधिक वेळा आलेला शब्द होता १२३४५६. तीस वर्षे लोटली, पण मनुष्यस्वभाव जागचा हलला नव्हता.

दुसऱ्यांना हसण्याचा अधिकार मात्र आम्हांस नाही. आमच्या स्वतःच्या खात्याचा शब्द पुष्कळ वर्षे नातीचे नाव आणि तिच्या जन्माचे साल असा होता. एके दिवशी त्या दहा वर्षांच्या मुलीने दुसऱ्याच प्रयत्नात आमचे खाते उघडले आणि विचारले, “आजोबा, दुसरं काही सुचलं नाही का तुम्हांला?” सुचणे हाच तर सारा दोष! जे आपल्याला सुचते ते आपल्याला ओळखणाऱ्यालाही सुचते. गावाचे नाव, ग्रामदैवत, जन्मतारीख, गाडीचा क्रमांक यांपैकी प्रत्येक शब्द ओळखीचा आहे, आणि म्हणूनच परवलीला नालायक आहे.

शहाण्यांनाही हे लवकर उमगले नाही. अमेरिकेच्या मानके व तंत्रज्ञान संस्थेने २००३ साली मार्गदर्शनपर नियम काढले. त्यांवरून जगभर अशी रीत पडली की शब्दात एक मोठे अक्षर, एक अंक आणि एक चिन्ह असावे व तो काही महिन्यांनी बदलावा. परिणाम काय झाला? लोकांनी गावाचे नाव लिहिले, पुढे ॲटचे चिन्ह घातले, त्यापुढे एक-दोन-तीन लिहिले. आणि बदलण्याची वेळ आली की तीनचे चार केले. ज्यांनी ते नियम लिहिले त्या अधिकाऱ्यानेच पुढे २०१७ साली खंत व्यक्त केली, आणि त्याच वर्षी संस्थेनेही धोरण फिरवले: चिन्हांची सक्ती नको, ठरावीक मुदतीने बदलणे नको, शब्द लांब असावा, उघड्या पडलेल्या शब्दांच्या यादीत नसावा, आणि फुटल्याचा संशय आला म्हणजे मात्र बदलावा.

मग लांब आणि तरीही लक्षात राहील असा शब्द करावा कसा? १९९५ साली आर्नल्ड राइनहोल्ड यांनी फाशांची रीत सुचवली. पाच वेळा फासा टाकावा, जे आकडे पडतील त्यांवरून ७,७७६ शब्दांच्या यादीतला एक शब्द घ्यावा, आणि असे काही शब्द ओळीने मांडावेत. आपल्या घरी फासे नसले तरी अडत नाही. शून्य ते नऊ आकड्यांच्या दहा चिठ्ठ्या एका तांब्यात घालाव्यात. एक काढून आकडा लिहावा, चिठ्ठी परत टाकावी, तांब्या हलवावा. असे तीन आकडे आले की हजार पानांच्या शब्दकोशातले ते पान उघडावे. चौथ्या आकड्याने त्या पानावरचा कितवा शब्द ते ठरवावे. चार चिठ्ठ्यांचा हा एक शब्द म्हणजे १०,००० शक्यता, अर्थात एटीएमचा एक पिन. असे पाच शब्द घेतले म्हणजे पाच पिनांचा गुणाकार झाला. कोटीला कोटीने गुणावे आणि आलेली संख्या पुन्हा दहा लाखपट करावी, इतक्या शक्यता. तुलनेसाठी पाहा: नुसत्या आठ लहान इंग्रजी अक्षरांच्या शक्यता सुमारे २०,८८२ कोटी होतात. सेकंदाला शंभर कोटी शब्द दळणारी चक्की चोरापाशी धरली, तर आठ अक्षरांचा सारा ढीग साडेतीन मिनिटांत दळून होतो. त्याच चक्कीला पाच शब्दांचा ढीग संपवण्यास तीन हजार वर्षांहून अधिक काळ लागेल.

या रीतीत एकच पथ्य आहे. चिठ्ठीने दिलेला शब्द आवडला नाही म्हणून बदलू नये. आवड आली की ओळख आली, आणि ओळख आली की अंदाज आला. उदाहरणादाखल कंदील, रांजण, वेसण, गुब्बी, चेट्टु असे शब्द पडले असे समजा. सोलापूरच्या घराघरांत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू नांदतात, तेव्हा कन्नडची गुब्बी म्हणजे चिमणी आणि तेलुगूचा चेट्टु म्हणजे झाड आपल्याला परके नाहीत. अशा घरांनी एखादा शब्द कन्नड किंवा तेलुगू कोशातून काढण्यास हरकत नाही. हे शब्द इंग्रजी लिपीत ओळीने टंकावेत आणि मनात एक चित्र उभे करावे: झाडाखाली रांजण, रांजणावर चिमणी, फांदीला वेसणीने टांगलेला कंदील. आठवण राहण्यासाठी चित्र, आणि बळकटीसाठी चिठ्ठी. अर्थात येथे छापलेले हे पाच शब्द आता सर्वांचे झाले. ते कोणी वापरू नयेत.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. किल्ल्याला दोन तट असून दोन्ही दरवाजांना एकच किल्ली केली, तर दुसऱ्या तटाचा उपयोग काय? पुष्कळ माणसे बँकेला, टपालाला, रेल्वेच्या तिकिटाला आणि एखाद्या क्षुल्लक दुकानालाही एकच शब्द ठेवतात. त्या क्षुल्लक दुकानाची वही फुटली की चोर तोच शब्द घेऊन आधी तुमच्या टपालाच्या आणि मग बँकेच्या दारात उभा राहतो. यासाठी प्रत्येक खात्यास निराळा शब्द हवा. इतके शब्द कोणाच्या लक्षात राहणार, हा प्रश्न योग्य आहे. किल्ल्यांची पेटी ठेवणारे प्रोग्रॅम आता मिळतात. ते प्रत्येक दाराला लांब, बेहिशेबी शब्द करून देतात, आणि आपण केवळ पेटीचा एक बळकट शब्द लक्षात ठेवावयाचा. ज्यांना तेही नको, त्यांनी घरच्या कपाटात कुलपाखाली वही ठेवावी. दूरदेशीच्या चोराला आपले कपाट दिसत नाही. वही दुकानाच्या गल्ल्यावर किंवा मोबाइलच्या पाठीवर मात्र नको.

तिसरी गोष्ट दुसऱ्या पहाऱ्याची. रिझर्व्ह बँकेने २००९ च्या ऑगस्टपासून कार्डाने दूरवरून होणाऱ्या व्यवहारांना ओळखीचा आणखी एक टप्पा सक्तीचा केला. मोबाइलवर येणारा एकवेळचा आकडा, ज्याला आपण ओटीपी म्हणतो, तो अशाच टप्प्याचा आपल्या परिचयाचा प्रकार. हाच तो हवालदाराच्या जोडीचा सरनोबत. टपालाचे खाते असो की बँकेचे, जेथे हा दुसरा टप्पा लावता येईल तेथे तो लावून घ्यावा.

पण तट दुहेरी असला, किल्ली लांब असली, पहारे दोन असले, तरी एक वाट उरतेच. आमच्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांना एका दुपारी फोन आला. बोलणारा मोठ्या अदबीने बोलत होता. आपण बँकेतून बोलतो, खाते आज बंद पडणार आहे, ते वाचवावयाचे तर आता जो सहा अंकी आकडा येईल तेवढा सांगा, असे त्याचे म्हणणे होते. गुरुजींनी आयुष्यभर हिशेब चोख ठेवला होता. त्यांच्या शब्दात काही उणे नव्हते, दुसरा टप्पाही होता. त्यांनी तो आकडा सांगितला, आणि निवृत्तीनंतर मिळालेल्या फरकाची सारी रक्कम काही मिनिटांत गेली. पुढे कित्येक दिवस ते कोणाशी बोलले नाहीत. पैशापेक्षा, आपण फसलो या लाजेने त्यांना अधिक खाल्ले. आम्ही त्यांना एवढेच सांगितले की लाल महालाच्या पहाऱ्यावरही बादशहाचे कसलेले शिपाईच होते.

आता पन्हाळ्याच्या त्या हवालदाराला पुन्हा बोलावू. त्याच्यासमोर खोटा माणूस नव्हता, प्रत्यक्ष महाराज होते. कारण पटण्याजोगे होते आणि घाई खरी वाटत होती. तरीही त्याने ओळखीवर, भयावर आणि घाईवर नियम वरचढ ठेवला. आपल्या घरात हाच नियम करावा. पासवर्ड, पिन आणि ओटीपी कोणालाही सांगावयाचे नाहीत. विचारणारा बँकेचा साहेब असो, पोलीस असो की मुलाचा मित्र. फोन ठेवावा आणि बँकेचा क्रमांक पासबुकावर पाहून आपण स्वतः लावावा. खरा माणूस असेल तर तो रागावणार नाही; महाराजही रागावले नव्हते. यूपीआयने पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, देण्यासाठीच लागतो, हेही घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा बसवून सांगावे.

इतके करूनही घात झालाच, तर लाजेने गप्प बसू नये. अशा फसवणुकीची तक्रार नोंदवण्यासाठी देशभर एकच दूरध्वनी क्रमांक आहे, आणि तो आहे १९३०. जितक्या लवकर कळवावे तितकी रक्कम मध्येच अडवली जाण्याची आशा अधिक. हा आकडा सोलापूरकरांना पाठ करावा लागत नाही. १९३० च्या मे महिन्यात या शहरावर लष्करी कायदा पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन हे चौघे येरवड्यास फासावर गेले. त्या सालाचा आणि या क्रमांकाचा काही संबंध नाही, योगायोग म्हणावयाचा. पण जो आकडा या गावाच्या काळजावर कोरलेला आहे, तो अडचणीच्या वेळी आठवला तर बरेच आहे.

पुढे कदाचित परवलीचा शब्दच उरणार नाही. बोटाच्या ठशाने आणि यंत्रात दडवलेल्या किल्लीने दारे उघडू लागलीच आहेत. तरीही दाराशी कोणीतरी येऊन ‘उघडा’ म्हणणार, आणि आत कोणीतरी माणूसच असणार. आज घरी गेल्यावर श्रोत्यांनी तांब्यात दहा चिठ्ठ्या टाकाव्यात, बँकेच्या आणि टपालाच्या खात्याचा शब्द आधी बदलावा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला पन्हाळ्याच्या हवालदाराची गोष्ट सांगावी.